आंबलेले दात आणि तोफेचा सोरा

कैरी खाल्ली की दात आंबतात. कोकणातल्या पहिलीच्या पोरालाही हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. उर्दूत याच अवस्थेला 'दाँत खट्टे होना' म्हणतात, आणि त्यावरून 'दाँत खट्टे करना' म्हणजे शत्रूला जेरीस आणणं हा वाक्प्रचार आला. वर्गात तो शिकवताना मी मुलांना कैरीची आठवण करून देतो. मग अर्थ सांगायची गरजच उरत नाही.

गंमत अशी, की इतका नेमका शब्द हाताशी असताना गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपण तो टाकून दिला. आता मालवणच्या बाजारपेठेत मेडिकलच्या काउंटरवर माणूस 'सेन्सिटिव्हिटी'ची पेस्ट मागतो. नुसती शब्दांची अदलाबदल असती तर मी लिहायला बसलो नसतो. पण दात आंबणं ही खाण्याची गोष्ट होती, चार-सहा तासांत आपोआप जायची. सेन्सिटिव्हिटी ही विकत घ्यायची गोष्ट झाली आहे. साध्या पेस्टच्या दुप्पट-तिप्पट भावाने मिळणारी ही ट्यूब घ्यावी की नाही, हा प्रश्न घराघरात पडतो. जाहिरात बघून त्याचं उत्तर मिळत नाही, मागचा इतिहास बघितला तर थोडंफार मिळतं.

आपल्या किनाऱ्यावर दाताला आंबट लागण्याची कारणं भरपूर. माशाच्या कालवणात कोकमाची सोलं, जेवणानंतर सोलकढी, उन्हाळ्यात कैरी, करवंद, काजूची बोंडं, पावसाळ्यासाठी मुरवलेलं लोणचं. आंबट पदार्थ दाताचं वरचं कवच, ज्याला इनॅमल म्हणतात, ते किंचित मऊ करतात. तेवढ्यात कोणी कडक ब्रशने किंवा राखेने आडवं-तिडवं घासलं की ते झिजतं. हिरडी मागे सरली की दाताचं मूळ उघडं पडतं, तिथे इनॅमल नसतंच. आतल्या थराला, म्हणजे डेंटिनला, हजारो सूक्ष्म नळ्या असतात. एका चौरस मिलिमीटरमध्ये हजारो. त्या नळ्यांतलं पाणी थंडीने, गोडाने, वाऱ्याने हललं की आतल्या शिरेला धक्का बसतो आणि कळ उठते. हा सिद्धांत स्वीडनच्या मार्टिन ब्रॅनस्ट्रोम यांनी 1960च्या दशकात प्रयोगांनी पक्का केला. त्याआधी हजारो वर्षं लोकांना कळ माहीत होती, नळ्या माहीत नव्हत्या. तरीही त्यांनी उपाय शोधले होते, आणि त्यातले काही अगदीच वेडगळ नव्हते.

जुन्या घरांत दात घासायला काय होतं? राखुंडी, मीठ, आंब्याचं पान, कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी. मुसलमानांच्या घरात मिसवाक, म्हणजे पीलूच्या झाडाची मुळी. वझूच्या वेळी मिसवाक करणं सुन्नत, म्हणून रमजानमध्ये मशिदीबाहेर तिच्या जुड्या आजही विकायला येतात. रोजा असताना पेस्ट वापरावी का, यावर अनेक उलेमा ती टाळावी असं म्हणतात आणि मिसवाकला मोकळीक देतात. काडी कुठलीही असो, तिचा कुंचला मऊ होईपर्यंत चावायचा असतो. घाईत ओली न करता घासली तर ती ब्रशइतकीच हिरडी मागे सारू शकते.

बायकांच्या डब्यात आणखी एक वस्तू असायची. उत्तर हिंदुस्तान आणि दख्खनच्या मुस्लिम घरांत मिस्सी, मराठी घरांत दातवण. दोन्हींनी दात काळे होत. मिस्सी हा शब्द फारसीतल्या 'मिस'वरून, म्हणजे तांब्यावरून आला. माजूफळ किंवा हिरड्यासारखा तुरट पदार्थ आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, एकत्र आले की काळा रंग तयार होतो. जुनी शाई अशीच बनायची. लग्न झालेल्या बाईचा तो शृंगार होता. जपानमध्येही स्त्रिया आणि दरबारी पुरुष लोखंड आणि तुरट द्रव्य वापरून दात काळे करत. तिथल्या सरकारने 1870 साली दरबारी लोकांना ही प्रथा बंद करायला लावली. आपल्याकडे कोणी बंदी घातली नाही, पांढऱ्या दातांची फॅशन आली आणि मिस्सी कवितेत उरली. तुरट पदार्थ प्रथिनांना गोठवतात आणि त्यामुळे हिरडी आवळल्यासारखी वाटते, हे मात्र खरं. आपल्या आज्या 'दात घट्ट होतात' म्हणायच्या ते यालाच.

मिस्सी आणि मिश्री, ज्याला आपण मशेरी म्हणतो, हे शब्द कानाला जवळचे, पण वस्तू अगदी वेगळी. मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू. ती हिरडीला चोळली की दुखरा दात तेवढ्यापुरता बधिर होतो. एवढ्यासाठी कित्येक बायका तिच्या नादी लागतात आणि मग ती सुटत नाही, कारण निकोटिन आपलं काम करत असतं. दात आंबण्यावरचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग उपाय तो हाच. 1992 साली केंद्र सरकारने टूथपेस्ट आणि टूथपावडरमध्ये तंबाखू घालायला बंदी केली. काही उत्पादक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 1997 मध्ये न्यायालयाने बंदी कायम ठेवली. पण घरच्या तव्यावरच्या मशेरीला तो नियम लागत नाही.

आता डब्यांकडे येऊ. विसाव्या शतकात मराठी माणसाच्या मोरीत राखुंडीची जागा काळ्या दंतमंजनाने घेतली. मुंबईच्या नोगी कंपनीची माकडछाप काळी टूथपावडर आणि नाशिककडची बिटको ही नावं आमच्या आधीच्या पिढीला पाठ आहेत. नाशिकरोडला तर चौक, शाळा, दवाखाना यांना बिटकोचं नाव आहे. दंतमंजनाच्या पैशांतून एवढ्या गोष्टी उभ्या राहिल्या, हे टूथपेस्टच्या बहुराष्ट्रीय कंपन्यांबद्दल म्हणता येत नाही.

1952 साली केशव विष्णू पेंढरकर यांनी मुंबईत विको सुरू केली. वज्रदंती आधी पावडरच्या रूपात आली, पेस्ट नंतर. या कंपनीची अबकारी खात्याशी झालेली लढाई मला फार उद्बोधक वाटते, कारण ग्राहकाच्या मनातलाच प्रश्न तिथे न्यायालयात विचारला गेला: ही वस्तू औषध की प्रसाधन? औषध ठरलं तर कर कमी, प्रसाधन ठरलं तर जास्त. कंपनीने आयुर्वेदिक औषध म्हणून बाजू मांडली. आपल्याला तोंडपाठ असलेल्या तिच्या हळदीच्या क्रीमच्या गाण्यात 'कॉस्मेटिक नाही' असं ठासून का सांगितलं जातं, त्याला या भांडणाची पार्श्वभूमी आहे. अनेक वर्षांनी, 2004 साली सर्वोच्च न्यायालयाने विकोच्या बाजूने निकाल दिला.

पण याच न्यायालयाने त्याआधी, 1990च्या दशकाच्या मध्यात, बैद्यनाथच्या लाल दंतमंजनाबाबत उलटा कौल दिला होता. तेही प्रकरण नागपूरच्या अबकारी खात्याचंच. तिथला युक्तिवाद साधा होता. औषध साधारणपणे वैद्य किंवा डॉक्टर लिहून देतो, ते काही काळापुरतं घ्यायचं असतं. रोज सकाळी कोणी औषध म्हणून दात घासत नाही. ग्रंथात घटकांची नावं असली म्हणून वस्तू औषध होत नाही, बाजारात लोक तिला काय समजतात ते बघायचं. 2009 मध्ये हाच कौल पुन्हा कायम झाला. एक मंजन औषध, दुसरं प्रसाधन. वकील यातला फरक सांगतील, मोरीतल्या माणसाला तो दिसणं कठीण. मला स्वतःला बैद्यनाथ प्रकरणातली कसोटी जास्त पटते. रोज, आयुष्यभर आणि कोणी तपासल्याशिवाय वापरायची वस्तू औषधाच्या भावात घेताना निदान थोडा विचार करावा.

ट्यूबचा प्रवास वेगळा. जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने 1841 मध्ये रंगासाठी पिळायची धातूची ट्यूब काढली. पन्नासेक वर्षांनी तीत दातांची पेस्ट भरली गेली. कोलगेटने 1873 मध्ये बरणीतून आणि 1896 मध्ये ट्यूबमधून पेस्ट विकायला सुरुवात केली. भारतात ही कंपनी 1937 साली नोंदली गेली. त्याच्या पुढच्या पिढीला दात घासण्याची सवय कोणी लावली असेल तर रेडिओने. 1952 पासून रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. अमीन सायानींचा आवाज टूथपेस्टच्या नावासकट घराघरांत गेला. त्यांच्या आई कुलसुम सायानी 'रहबर' नावाचं पाक्षिक काढत, तेही देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत. सायानींची ती साधी, कोणालाही परकी न वाटणारी हिंदुस्तानी कुठून आली, याचं उत्तर मला त्या पाक्षिकात दिसतं. ज्यांच्या घरी पेस्ट परवडत नव्हती, त्यांनीही गाणी ऐकली आणि पेस्ट ही चांगल्या घरातली वस्तू हे मनात बसलं. जाहिरातीची खरी कमाई तीच.

दातांच्या डॉक्टरांचं शिक्षण या देशात कोणी रुजवलं, हे मात्र रेडिओने सांगितलं नाही. डॉ. रफिउद्दीन अहमद, पूर्व बंगालचे. अमेरिकेत आयोवा विद्यापीठातून 1915 मध्ये दंतवैद्यकाची पदवी घेऊन परतले आणि 1920 साली कलकत्त्यात देशातलं पहिलं दंतमहाविद्यालय सुरू केलं. पैसा कुठून आणला? 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' नावाचं सरबत-सोड्याचं दुकान चालवून. आज दातांचे डॉक्टर ज्या गोड-आंबट सोड्यापासून लांब राहायला सांगतात, त्याच्याच गल्ल्यातून कॉलेज उभं राहिलं. 1949 मध्ये त्यांनी ते सरकारला देऊन टाकलं, पुढे पश्चिम बंगालचे मंत्री झाले, 1964 मध्ये पद्मभूषण मिळालं. 24 डिसेंबर हा त्यांचा जन्मदिवस देशात दंतवैद्यक दिन म्हणून पाळला जातो. आमच्या पाठ्यपुस्तकांत त्यांचं नाव मला अजून सापडलेलं नाही.

आणि आता सोरा. शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं. असा किल्ला म्हणजे तोफा, आणि तोफा म्हणजे दारू. त्या दारूत सुमारे तीन चतुर्थांश सोरा असतो, बाकी कोळसा आणि गंधक. उर्दूत याला शोरा म्हणतात. हिंदुस्तानातला सर्वांत नावाजलेला सोरा बिहारमधला. तिथे नोनिया समाजाचे लोक खारी माती धुऊन, पाणी आटवून तो काढत. इंग्रज आणि डच कंपन्या त्यासाठी पाटणा-छपऱ्याला वखारी घालून बसल्या होत्या. डचांची एक वखार आपल्या वेंगुर्ल्यातही होती, तिचे पडके अवशेष आजही उभे आहेत. युरोपातल्या कित्येक लढायांत बिहारची माती उडाली आहे.

रसायनशास्त्रात याच सोऱ्याचं नाव पोटॅशियम नायट्रेट. 'सेन्सिटिव्ह' लिहिलेली ट्यूब उलटून बघा, बहुतेकींवर हे नाव दिसेल, पुढे पाच टक्के असा आकडा. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही पाच टक्केच मान्य केलेले आहेत. यातलं पोटॅशियम नळ्यांतून आत झिरपून शिरेला शांत करतं, अशी कल्पना. राखुंडीतला कोळसा आधीपासून दातावर होताच. तोफेच्या दारूतलं फक्त गंधक काय ते ब्रशवर यायचं राहिलं!

पहिली गाजलेली सेन्सिटिव्ह पेस्ट मात्र सोऱ्याची नव्हती. 1961 मध्ये अमेरिकेतल्या ब्लॉक ड्रग कंपनीने सेन्सोडाइन आणली, तिच्यात स्ट्रॉन्शियम क्लोराइड होतं. ते शिरेला झोपवत नाही, नळीचं तोंड बुजवतं. सोरा 1970च्या दशकात आला. पुढे नळ्या बुजवणाऱ्यांत आर्जिनिन, स्टॅनस फ्लोराइड आणि हाडं सांधण्यासाठी शोधलेल्या काचेची पूड यांची भर पडली. म्हणजे दुकानात एकाच नावाखाली दोन वेगळ्या जातीच्या पेस्ट असतात: एक बधिर करणारी, एक बुजवणारी. वेष्टनाच्या पुढच्या बाजूवरून हे कळत नाही, मागची बारीक अक्षरं वाचावी लागतात.

दोन्हींत फरक पडतो का? वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 2006 मध्ये पोटॅशियमच्या पेस्टवरचे अभ्यास तपासले आणि स्पष्ट पुरावा नाही असा निष्कर्ष काढला, कारण अभ्यास थोडे आणि लहान होते. 2015च्या एका मोठ्या आढाव्याने नळ्या बुजवणाऱ्या घटकांना अधिक चांगले गुण दिले. याचा अर्थ सोऱ्याने कोणालाच आराम पडत नाही असा नव्हे. आराम पडला तरी तो दोन-चार आठवडे रोज दोनदा घासल्यावर. एकदा घासून पडेल ही अपेक्षा जाहिरातीने तयार केली आहे.

ही जाहिरातही शेवटी हटकली गेली. 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सेन्सोडाइनच्या परदेशी डॉक्टर दाखवणाऱ्या जाहिराती थांबवायला सांगितल्या. जगात पहिला क्रमांक असल्याचा दावाही मागे घ्यायला लावला आणि 10 लाख रुपये दंड केला. चौकशीत निघालेली एक बाब मला दंडापेक्षा मोठी वाटते: ही उत्पादनं परवान्याने प्रसाधन होती. विकोच्या वकिलांनी आपलं मंजन औषध ठरावं म्हणून वर्षानुवर्षं खस्ता खाल्ल्या, आणि इथे औषधाच्या तोऱ्यात विकलेली वस्तू कागदावर साधनासारखं साधन निघाली. पांढरा कोट हा परवाना नव्हे, हे ज्याला जाहिरात बघताना आठवेल त्याचे दोन पैसे वाचतील.

आता दुकानात. बाजारात कधीतरी असा संवाद कानावर पडतो. मासे विकून घरी निघालेली चाची काउंटरवर म्हणते, "दात लय आंबतत रे, माका ती टीव्हीवरची दी." दुकानदार विचारतो, "चाची, एकच दात काय सगळे?" हा प्रश्न विचारणारा दुकानदार मला शहाणा वाटतो. सगळ्या दातांना थोडं थोडं थंड लागत असेल तर पेस्ट आजमावून बघायला हरकत नाही. एकाच दातात कळ असेल, रात्री ठणका लागत असेल, गरम पाण्याने दुखत असेल, तर तो बहुधा किडलेला किंवा तडकलेला दात आहे, आणि तिथे ही पेस्ट नुकसान करते, कारण दुखणं दबतं आणि कीड आत जाते. अमेरिकेत अशा पेस्टवर चार आठवड्यांहून जास्त काळ दंतवैद्याच्या सल्ल्याशिवाय वापरू नका असं छापावं लागतं. आपल्याकडे लोक दहा वर्षं वापरतात. मग पुढे कोणीतरी बांबोळीला गोव्याच्या दंत महाविद्यालयात घेऊन जातं. तिथपर्यंतचं एसटीचं भाडं, एका दिवसाची बुडालेली मासळी आणि रूट कॅनॉलचा खर्च धरला तर ट्यूबची किंमत किती झाली ते ज्याने त्याने मांडावं.

घ्यायचीच ठरली तर मी तीन गोष्टी बघतो. घटक कोणता, म्हणजे सोरा की बुजवणारा. फ्लोराइड आहे का. आपल्या नियमांनी ते 1000 पीपीएमपेक्षा जास्त चालत नाही, आणि आकडा व वापरायची शेवटची तारीख ट्यूबवर छापावी लागते. ज्यात फ्लोराइड नाही ती पेस्ट, मग ती कितीही वनस्पतींची असो, किडीविरुद्ध फारशी कामाची नाही. तिसरं म्हणजे ग्रॅमचा भाव. तो आता वेष्टनावरच छापलेला असतो, आणि एकाच घटकाच्या दोन कंपन्यांच्या पेस्टमध्ये त्यावरून केवढा फरक निघतो ते पाहून थक्क व्हायला होतं. डॉक्टर लिहून देतात त्या भारतीय औषध कंपन्यांच्या पेस्ट टीव्हीवर दिसत नाहीत, म्हणून त्या कमी प्रतीच्या असं समजायचं कारण नाही. 'व्हाइटनिंग' आणि कोळशाची पेस्ट मात्र दात आंबणाऱ्याने टाळावीच. ज्या खरखरीने दात झिजला, तीच पुन्हा पैसे देऊन आणण्यात अर्थ काय? लवंग तेलाचंही तसंच. ते जीभ आणि हिरडी बधिर करतं, आपल्या तिरफळासारखं. आराम खरा, पण नळी बुजत नाही.

22 सप्टेंबर 2025 पासून टूथपेस्टवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून आणि टूथपावडरवरचा 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. बहुतेक औषधांवरही आता 5च आहे. विको आणि बैद्यनाथ ज्या फरकासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडले, त्या फरकाचा कराच्या पावतीवर आता मागमूसही नाही. दुकानातली फळी मात्र वेगळी आहे. मालवणात तीच ट्यूब किराण्यात साबणाशेजारी आणि मेडिकलमध्ये गोळ्यांशेजारी ठेवलेली दिसते, आणि गोळ्यांशेजारची उचलताना माणूस भाव विचारत नाही.